वरचा कप्पा, खालचा कप्पा

दूध तोडलं की डुकराचं पिल्लू सुकतं. आठ-दहा दिवस धड खात नाही, खाल्लेलं पातळ हगतं, पाठीचा कणा वर येतो, केस राठ होतात. बाजारात कुणी असलं पिल्लू उचलून बघितलं तर हसून परत ठेवतं. शिलाँगकडच्या डोंगरात आमच्या उमसोलाड गावात हे असंच चालत आलंय आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. मला सगळ्याच गोष्टींचं फार वाटतं, असं माझा नवरा म्हणतो.

म्हणून जनावरांच्या संशोधन संस्थेचे डॉक्टर बोरठाकूर जीपमधून पावडरीच्या पिशव्या घेऊन आले तेव्हा बाकीच्या बायका गालात विडा धरून लांब उभ्या राहिल्या आणि मी पुढे झाले. पावडरीत जस्त होतं, कसले कसले आंबट क्षार होते, पोटातले चांगले जंतू होते. डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं, मी त्यातलं निम्मं लक्षात ठेवलं. दूध तुटल्यावर पिल्लाच्या पोटाला जो धक्का बसतो तो या पावडरीनं कमी बसतो, एवढं मात्र पक्कं कळलं.

"पण हे आधी दिसायला हवं, काँग स्केम," डॉक्टर म्हणाले. काँग म्हणजे ताई. ते आसामातले, आमची भाषा त्यांना एवढ्या एका शब्दापुरतीच येते, बाकी आम्ही हिंदीत भागवतो. "एकाच वयाची बारा पिल्लं घ्यायची. सहांना पावडर, सहांना नाही. बाकी खाणं तेच. बेचाळीस दिवस. फरक दिसला तर संस्था तुमच्या गावात खाद्य मिसळायचं केंद्र काढेल. ते चालवायला माणूस लागेल."

"माणूस की बाई?"

"बाईच. तुमच्याशिवाय इथं माझ्याशी बोलतंय कोण?"

हे ऐकल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही, हे कबूल करते. आम्ही तिघी बहिणी. मी थोरली, मधली लग्न करून शिलाँगला गेली, आणि धाकटी फिरनाइ. आमच्यात घर सगळ्यात धाकट्या लेकीचं असतं. घर, मागची सुपारीची बाग, उतारावरचं शेत, सगळं. आईबापाला शेवटपर्यंत सांभाळणं आणि मागून त्यांची हाडं कुळाच्या दगडाखाली नेऊन ठेवणं हेही तिचंच, त्यामुळे कुणी कुरकुर करत नाही. मीही केली नाही. लग्न झालं तेव्हा दोन पातेली आणि एक डुकरीण घेऊन मी उताराखालच्या पत्र्याच्या घरात राहायला गेले. सकाळी शाळेत पोरांची खिचडी शिजवते. पण केंद्र झालं असतं तर त्याच्या दाराला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या कमरेला असती. अडतीस वर्षांत मला माझी अशी किल्ली मिळाली नव्हती.

पिल्लं मात्र मेईच्या घरीच ठेवावी लागली. मेई म्हणजे आमची आई. एकाच आठवड्यात व्यायलेल्या दोन डुकरिणी गावात तिच्याकडेच होत्या, आणि दोन कप्प्यांचा गोठाही तिच्याकडेच, उतारावर एक वर, एक खाली, मधे नुसता बांबूचा कूड. माझ्याकडे एक डुकरीण, तिची चार पिल्लं, तीही नुकतीच जन्मलेली, अंगावर पिणारी. डॉक्टरांनी बारा पिल्लांच्या कानांत बिल्ले मारले, सहा वर, सहा खाली केली. सात पिशव्या छोट्या काट्यावर एकेक मोजून दाखवल्या. प्रत्येकीत बरोबर सातशे ग्रॅम, एका आठवड्याची एक, आणि सातवी सांडलवंडीसाठी. तो छोटा काटा आणि पिल्लं तोलायचा टांगता काटा माझ्या ताब्यात दिला.

खायला घालणार मेई. मला सात वाजता शाळेत चूल पेटवायची असते आणि मेई पहाटे चारला उठून अळूची पानं न् रताळ्याचे वेल शिजत घालते, ते तिच्या हातचं काम कुणी काढून घेतलेलं तिला चालत नाही. म्हणून मी तिला समोर बसवून समजावलं.

"हे बघ मेई. आंबोण शिजलं की दोन बादल्या करायच्या. वरच्या कप्प्याच्या बादलीत हा चमचा भरून पावडर. खालच्या बादलीत नाही."

"खालच्यांनी काय केलंय?"

"काही केलं नाही. त्यांना द्यायची नाही, एवढंच."

"मग त्यांना नंतर द्यायची?"

"नाही. कधीच नाही."

मेईनं सुपारीचं खांड गालात सरकवलं, बोटाला राहिलेला चुना खांबाला पुसला. त्या खांबावर चाळीस वर्षांचा चुना आहे. "वास तर चांगला येतोय दुधासारखा," ती म्हणाली. "खालच्यांना पण वास जाणार."

"जाऊ दे. वासानं कुणी मरत नाही. कळलं ना नीट?"

"कळलं की. मी काय बहिरी आहे?"

मेईला कळलं म्हणजे मेई तसं करणार, असं मी धरून चालले. तिच्याच पोटची असून मी हे धरून चालले याचा राग मला अजून येतो.

गावातल्या बायकांना विषय मिळाला. नळावर मला बघितलं की एखादी विचारायची, "काय गं काँग स्केम, तुमची पिल्लं पावडर लावून कुठं चाललीत, चर्चला?" दुसरी म्हणायची, "हिची डुकरं आता हिच्या हातची खिचडी खायची नाहीत." मी म्हणायचे, हसा, बेचाळीस दिवसांनी माझ्याच दारात रांग लावाल.

पहिल्या शनिवारी मी पिल्लं पोत्यात घालून टांगत्या काट्याला लावली. फिरनाइ वहीत आकडे लिहीत होती. वरच्या कप्प्यात एकाचंही शेपूट घाण नव्हतं. पाठी गोल, केस मऊ. मला नाचावंसं वाटलं. मग खालच्या कप्प्यातली काढली. त्यांचीही शेपटं स्वच्छ. त्यांच्याही पाठी गोल.

"छान झालीत ना सगळी?" फिरनाइ म्हणाली.

"सगळी छान होऊन कसं चालेल?" मी खेकसले. फिरनाइवर रागावता येत नाही, ही तिची सगळ्यात वाईट खोड आहे. आवाज चढवला की ती चहा टाकायला जाते.

दुसऱ्या शनिवारी तेच. वरच्यांपैकी एक दहा किलो, खालच्यांपैकी एक दहा किलो. खालच्या कप्प्यातलं एक काळं-पांढरं, कानात सात नंबरचा बिल्ला असलेलं, ते तर उड्या मारत पोत्यातून बाहेर आलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की मेईनं विचारलं, त्यानं तुझं काय खाल्लं. डुकराचं पिल्लू वाढलं म्हणून चिडणारी बाई या डोंगरात माझ्याआधी झाली नसेल.

तिसऱ्या शनिवारी मला वाटलं, चोर सापडला. तिसरी पिशवी त्या दिवशी रिकामी व्हायला हवी होती आणि तिच्यात अजून बरीच पावडर होती.

"मेई, ही उरली कशी?"

"उरली कुठं? मंगळवारी बाजार आहे. तोपर्यंत पुरवायची ना? तूच म्हणालीस, एका आठवड्याला एक."

मी कपाळावर हात मारून घेतला. आमचा बाजार आठव्या दिवशी भरतो. मेईचा आठवडा बाजारापासून बाजारापर्यंत, म्हणजे आठ दिवसांचा. शनिवार-रविवार वगैरे तिच्या लेखी शाळेतल्या पोरांसाठी आणि चर्चमध्ये जाणाऱ्यांसाठी. ती सातशे ग्रॅम आठ दिवस पुरवत होती.

"सात दिवसांचा आठवडा असतो, मेई. अख्ख्या जगात."

"असेल. जग कुठं आमच्या बाजाराला येतंय?"

मी एक सुतळी घेतली, तिला सात गाठी मारल्या, गोठ्याच्या खांबाला बांधली. रोज एक गाठ सोडायची, गाठी संपल्या की पिशवी संपलीच पाहिजे. जरा जास्तच मोठ्यानं बोलले असेन, कारण फिरनाइनं चहा टाकला. चहा पिताना मला बरं वाटत होतं. वरच्यांना पावडर कमी पडत होती, आता पुरी पडेल, आता फरक दिसेल.

चौथ्या शनिवारी फरक दिसला नाही. पाचव्याही नाही. दोन्हीकडची आणखी जोमानं वाढली होती. मला अन्न गोड लागेना. पोरांच्या खिचडीत दोनदा मीठ पडलं. डॉक्टरांना फोनवर आकडे सांगितले की ते नुसतं "हं" म्हणायचे, आणि ते "हं" दर आठवड्याला बारीक होत होतं.

"मेई, खरं सांग," मी पाचव्या शनिवारी विचारलं. "तू खालच्यांना काही वेगळं घालतेस का? उरलेलं दूध, दारूचा चोथा, काही?"

"वेगळं?" मेईला विचारल्याचंच वाईट वाटलं. "मी कुणाला वेगळं घालत नाही हं."

आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला. ठेवायलाच हवा होता, ती खोटं बोलत नव्हती.

बेचाळिसाव्या दिवशी डॉक्टर स्वतः आले. बारा पिल्लं त्यांनी स्वतः तोलली, मी पोतं धरलं. वरच्या कप्प्याची सरासरी अठरा किलो नऊशे. खालच्या कप्प्याची अठरा किलो सातशे. त्यांनी दोनदा बेरीज केली. मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"दोनशे ग्रॅम म्हणजे काहीच नाही," ते म्हणाले. "पाणी प्यायलं तरी तेवढं वाढतं."

"पण डॉक्टर, आमच्याकडची पिल्लं या वयाला चौदाच्या वर कधी गेली नाहीत. मागच्या वर्षीची मीच विकलीत. ही अठरा-एकोणीस आहेत."

"दोन्हीकडची आहेत ना पण. पावडर न खाणारीही तेवढीच वाढली. म्हणजे पावडरीचा हात नाही. तुमच्या आईची निगा चांगली, गोठा स्वच्छ, त्याचा गुण." त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं, आणि त्यामुळे मला आणखी चीड येत होती. "मी तसं लिहितो. केंद्राचं आता काही होईल असं वाटत नाही, काँग."

आम्ही घरात येऊन बसलो. फिरनाइनं लाल चहा आणि तांदळाची पोळी ठेवली, मेईनं डॉक्टरांसाठी पान लावलं. चुना लावता लावता तिनं मला विचारलं, "एवढं तोंड पाडून का बसलाय तो? पिल्लं तर चांगली भरलीत."

"दोन्ही कप्प्यांचं वजन सारखं आलं म्हणून."

"सारखंच येणार," मेई म्हणाली. "सारखंच खाल्लंय."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"सारखं म्हणजे?"

"सारखं म्हणजे सारखं. चमचा काढायचे, अर्धा वरच्या बादलीत, अर्धा खालच्या. पहिल्या दिवशी वरच्यांना घातलं तर खालची सहा कुडातून नाकं काढून बघत राहिली. ते सात नंबर तर ओरडत होतं. मला नाही बघवलं बाई."

बेचाळीस दिवस. सात गाठींच्या सुतळ्या. वजनं, वही, दोनदा मीठ पडलेली खिचडी. पावडर काम करत होती. अर्धाच चमचा मिळूनही बाराच्या बारा पिल्लांवर काम करत होती, गावात कधी दिसली नव्हती अशी पिल्लं समोर उभी होती, आणि ते दाखवायला माझ्याकडे एकही सुकलेलं पिल्लू नव्हतं.

"काय म्हणतायत त्या?" डॉक्टरांनी हिंदीत विचारलं.

मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. "मेई, मी तुला काय सांगितलं होतं? खालच्यांना द्यायची नाही. तू म्हणालीस कळलं."

"कळलं होतंच. पण असा पंक्तिप्रपंच माझ्या हातून होत नाही. एकाच दिवशी दूध तोडलेली पिल्लं. एकाला वाढायचं आणि दुसऱ्यानं बघत बसायचं?"

तो शब्द तिनं उच्चारायला नको होता. कारण पुढचं जे मी बोलले ते बोलायचं म्हणून मी कधी ठरवलं नव्हतं. वीस वर्षं ते कुठं बसलं होतं कोण जाणे.

"डुकरांच्यात होत नाही तुझ्या हातून," मी म्हणाले. "आणि आमच्यात? आम्ही तिघी कुठल्या कप्प्यात होतो? घर एकीला, बागही त्याच एकीला. मी दोन पातेली घेऊन उतार उतरले तेव्हा तुला बघवलं?"

स्वयंपाकघराच्या दारात फिरनाइ चहाची किटली घेऊन थांबली होती. ती परत आत गेली. डॉक्टर आपल्या कपात बघायला लागले. भाषा येत नसली तरी माणसाला काही गोष्टी कळतात.

मेई रागावली नाही. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं लावलेलं पान डॉक्टरांसमोर ठेवलं, मग माझ्यासाठी दुसरं लावायला घेतलं.

"घर माझं कधी होतं, स्केम?" ती म्हणाली. "माझ्या आईचं. तिच्या आईचं. मी धाकटी म्हणून माझ्याकडं आलं आणि फिरनाइ धाकटी म्हणून तिच्याकडं गेलं. मला कुणी विचारलं नाही. माझ्या थोरल्या बहिणीनं मरेपर्यंत माझ्या हातचा चहा घेतला नाही, ते तुला माहीत नाही. घर वाटता येत नाही. पावडर माझ्या हातात होती."

तिनं पान माझ्यापुढे धरलं. मी घेतलं. आमच्यात दिलेलं पान कुणी परत करत नाही, भांडणातसुद्धा.

"काँग?" डॉक्टर म्हणाले.

मला गप्प बसता आलं असतं. म्हणता आलं असतं, आई म्हातारी आहे, गुडघे दुखतात म्हणतेय. त्यांनी वहीत लिहिलं असतं की पावडर निरुपयोगी, आणि ते खोटं पुढं दहा गावांत गेलं असतं.

"तिनं दोन्हीकडं घातली," मी सांगितलं. "पहिल्या दिवसापासून. अर्धी अर्धी."

डॉक्टरांनी वही मिटली. ओरडले नाहीत. पेनाचं टोपण लावायला त्यांना फार वेळ लागला. "म्हणजे हे सगळं रद्द," ते म्हणाले. "चांगलं नाही, वाईटही नाही. झालंच नाही असं धरायचं. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात करू. तिथं खायला घालायला आमचा माणूस ठेवू."

"आणि केंद्र?"

"जिथं दिसेल तिथं होईल, काँग."

जीप गेली. पान खिशात घालून गेले ते, खाल्लं नाही.

मी टांगता काटा सोडवायला गोठ्यात गेले. बारा पिल्लं डोणीत तोंडं खुपसून मचमच करत होती, वरची आणि खालची, मधे बांबूचा कूड. सात नंबरनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत खायला लागलं. खांबाची सुतळी मी हिसडून तोडली. त्यानं काही झालं नाही, बोट मात्र कापलं.

घरी निघाले तेव्हा मेई ओट्यावर बसली होती. मांडीवर सूप, सुपात सातवी पिशवी ओतलेली. तिनं बोटानं मधोमध रेघ मारली. एक अर्धा परत पिशवीत भरला, दुसरा केळीच्या पानात बांधला आणि माझ्यापुढे केला.

"तुझ्या पिल्लांचं दूध कधी तुटतंय?"

"परवा."

"मग घेऊन जा. सारखी वाटणी केलीय. फिरनाइला अर्धी, तुला अर्धी."

मी घेतली. उताराची वाट मी धाडधाड उतरले. बोट ठणकत होतं, आणि गावातल्या बायका उद्या नळावर काय काय विचारतील ते मला आत्ताच ऐकू येत होतं.

छोटा काटाही माझ्याकडेच राहिला होता, डॉक्टर दोन्ही काटे विसरले. तो परत पाठवायचा म्हणून पुसायला घेतला, आणि केळीचं पान समोरच होतं. रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणला, वाटीत पावडर ओतली.

चारशे साठ ग्रॅम.

सातशेचे निम्मे साडेतीनशे होतात. मी वाटी उचलली, काटा पुन्हा शून्यावर आणला, पुन्हा ठेवली. चारशे साठ. बेचाळीस दिवस बारा पिल्लांना वाटत आलेला हात होता तो, दोन्ही कप्प्यांत जेमतेम दोनशे ग्रॅमचा फरक पडू दिला होता त्यानं. तो हात सुपातली एक रेघ चुकेल, हे मला माझ्या मनाला पटवता येईना.

नवरा आला आणि वाटीकडे बघत म्हणाला, "हे काय मोजत बसलीयस?"

"काही नाही," मी म्हणाले. "पिल्लांचं आहे."